पॅटन, सेंच्युरियन आणि काथ्याचा ऊस

बरेच महिने लिहायचं लिहायचं म्हणून राहून गेलं. आता असल उत्तरचं, म्हणजे 1965 च्या भारत-पाक युद्धातल्या रणगाड्यांच्या लढाईचं, वॉरगेमचं टेबल बऱ्यापैकी उभं राहिलंय आणि फोटो टाकला की तेच प्रश्न येतात, रंग कुठला, मॉडेल कुठून घेतलं, ऊस कशाचा आहे, आणि एवढं करून मिळतं काय. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक फेकता येईल.

हा प्रकार ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रणगाड्यांची मॉडेलं करणारे साधारण दोन प्रकारचे लोक असतात. एक शोकेसवाले. ते 1/35 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात, काम करतात, एकेका रणगाड्यावर दोन दोन महिने घालवतात, ट्रॅकची एकेक कडी वेगळी जोडतात, बोल्ट मोजतात आणि मग तो काचेच्या पेटीत जातो, त्याला हात लावायचा नाही. (हा 1/35 आकडा कुठून आला त्याची गंमत आहे, तामिया या जपानी मॉडेल कंपनीने 1961 साली मोटारवर चालणारा पँथर काढला तेव्हा आत मोटार आणि बॅटरी बसली पाहिजे या हिशोबाने आकार ठरवला, नंतर मोजलं तर तो साधारण 1/35 भरला, आणि मग सगळं जग त्याच मापाने चालायला लागलं.) दुसरे आम्ही, वॉरगेमवाले. आम्हाला एक नाही, पंधरावीस रणगाडे लागतात, ते हाताने उचलून टेबलावर सरकवायचे असतात, फासे टाकायचे असतात, आणि रविवारी संध्याकाळी सगळं डब्यात भरून घरी न्यायचं असतं. त्यामुळे शोकेसवाल्याला जे पाप वाटतं ते आम्हाला चालतं, आणि आम्हाला जे लागतं, म्हणजे न मोडणारी तोफ, ती त्याला जाड वाटते.

आणि हो, "या वयात खेळण्यांशी खेळतोस" हे ऐकून झालंय. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून नकाशावर ठोकळे सरकवून अधिकाऱ्यांना युद्ध शिकवत होते, आपल्या लष्करात आजही मोहिमेआधी सँड मॉडेल, म्हणजे वाळूत रणभूमीचा छोटा नमुना, करून त्यावर चर्चा होते. आम्ही तेच करतो फक्त आमचं प्रमोशन होत नाही.

स्केलचं सांगतो. मी 15 मिमी (म्हणजे माणसाची मूर्ती साधारण एवढी उंच) वापरतो, म्हणजे 1/100. याचा सगळ्यात मोठा फायदा असा की हिशोब डोक्यात होतो. सेंच्युरियन तोफ पुढे धरून साधारण 9.8 मीटर, मॉडेल 9.8 सेंटिमीटर. रुंदी 3.4 मीटर, मॉडेल 3.4 सेंटिमीटर. कुठलीही गोष्ट करायची तर मीटरचे सेंटिमीटर केले की झालं. 1/72 दिसायला जास्त देखणं असतं हे मान्य, पण सहा बाय चार फुटांच्या टेबलावर दोन स्क्वाड्रन उतरवले की कार पार्किंग होतं. एक स्क्वाड्रन म्हणजे 14 रणगाडे, तीन तीनचे चार ट्रूप आणि दोन हेडक्वार्टरचे. असे तीन स्क्वाड्रन आणि वर रेजिमेंटचे तीन मिळून 45. पूर्ण रेजिमेंट करायची हौस असेल तर 6 मिमीकडे जा, तिथे रणगाडा नखाएवढा असतो आणि खरोखर सैन्य हलतंय असं वाटतं, पण मला चेहरा नसलेले रणगाडे रंगवायला कंटाळा येतो.

आता असल उत्तरच का. इंटरनेटवर बघाल तर नव्वद टक्के लोक जर्मन टायगर आणि पँथर रंगवत बसलेत. चांगले रणगाडे आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याकडे 1965 सालची अशी लढाई आहे की जिच्यात दोन्ही बाजू मिळून मॉडेल करणाऱ्याची चंगळ आहे. 8 ते 10 सप्टेंबर, पंजाबात खेमकरणच्या पुढे. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकेने दिलेले पॅटन घेऊन आत घुसली. समोर आपली 4 माउंटन डिव्हिजन, मागे सरकून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात बसलेली, आणि तिच्या मदतीला 2 इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड, ब्रिगेडियर थिओगराज यांची. आणि रेजिमेंटा बघा, 3 कॅव्हलरीकडे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सकडे शर्मन, 8 कॅव्हलरीकडे फ्रेंच एएमएक्स-13. तीन रेजिमेंटांचे तीन वेगळे रणगाडे, तीन वेगळ्या देशांचे! पुरवठा अधिकाऱ्याच्या डोक्याला ताप असणार पण रंगवणाऱ्याला कंटाळा येत नाही.

शर्मन हा तर दुसऱ्या महायुद्धातला गडी, वीस वर्षं जुना, आणि समोर पॅटन. आणि त्या डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर कोण, तर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. हो, तेच, आपले नंतरचे लष्करप्रमुख जनरल वैद्य. त्यांचं पहिलं महावीरचक्र या लढाईतलं, दुसरं 1971 मध्ये बसंतरला ब्रिगेड कमांड करताना. मराठी घरांमध्ये वैद्यांचं नाव निघतं ते बहुतेक 1986 साली पुण्यात त्यांची हत्या झाली त्यावरून. शर्मन घेऊन पॅटनसमोर उभा राहिलेला माणूस म्हणून फार कमी वेळा निघतं. मला ते खटकतं, म्हणून माझ्या टेबलावर पहिला ट्रूप शर्मनचा झाला.

मॉडेल कुठून आणायची? "1965 भारत-पाक" असं लिहिलेला डबा शोधत बसू नका. युक्ती अशी आहे की 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलकडे सेंच्युरियन होते, पॅटन होते, शर्मन होते आणि एएमएक्स-13 पण होते. म्हणजे आपल्याकडे दोन बाजूंना वाटलेले चारही रणगाडे तिथे एकाच सैन्यात! आणि त्या युद्धासाठी 15 मिमीत सगळं निघालेलं आहे. फरक तपशिलाचा असतो. इस्रायलच्या बऱ्याच सेंच्युरियनवर 105 मिमीची तोफ बसवलेली होती, आपल्याकडे 1965 ला 20 पाउंडर, म्हणजे 84 मिमी. पॅटनचं पण तसंच, 90 मिमीची तोफवाला बघून घ्या, जॉर्डनकडे तसे होते त्यामुळे जॉर्डनचा म्हणून विकला जाणारा चालतो. तोफ बदलायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तीन फुटांवरून 84 आणि 105 मधला फरक दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याला पुढच्या वेळी स्वतःचं सैन्य आणायला सांगा.

दुसरा मार्ग म्हणजे रेझिनचं थ्रीडी प्रिंटिंग, आता आपल्याकडे पण बरेच लोक घरी प्रिंटर ठेवून आहेत आणि फाइल दिली की प्रिंट करून देतात, कस्टम ड्युटी वगैरे भानगड नाही. प्रिंट नीट धुतलेली आहे का हे हातात घेऊन बघायचं, चिकट लागली तर आयसोप्रॉपिल अल्कोहोलने परत धुवायची, आणि मग क्युअरिंगला, म्हणजे रेझिन पक्कं करायला, आपलं ऊन आहेच, यूव्ही दिव्याचे पैसे वाचतात. फक्त गच्चीत ठेवून विसरायचं नाही कारण जास्त ऊन खाल्लं की रेझिन काचेसारखं कडक होतं आणि पहिल्यांदा काय तुटतं तर तोफ. म्हणून मी तोफ सरळ कापूनच टाकतो. मुळाशी हातड्रिलने बारीक भोक पाडायचं, पितळी तार किंवा नळी घालायची, फेविक्विकचा एक थेंब. टेबलावर माणसं रणगाडा उचलताना तोफेला धरूनच उचलतात, कितीही सांगा.

टरेटखाली, म्हणजे तोफेच्या फिरत्या मनोऱ्याखाली, 3 मिमीचं निओडिमियम मॅग्नेट एक, हलमध्ये, म्हणजे खालच्या धडात, एक. टरेट फिरतं पण पडत नाही. चिकटवण्याआधी दोन्ही मॅग्नेटच्या एकमेकांना ओढणाऱ्या बाजूंवर मार्करने खूण करून घ्यायची. तळाला अजून एक मॅग्नेट लावला की सगळे रणगाडे स्टीलच्या डब्यात चिकटून बसतात आणि बाइकवरून नेले तरी हलत नाहीत. फोमच्या महागड्या बॅगा घेऊ नका.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. इथे पुण्या-मुंबईकडच्यांसाठी एकच सूचना, जुलैत स्प्रे कॅन हातात घ्यायचा नाही. हवा दमट असली की प्रायमरवर बारीक भुकटीसारखा थर येतो आणि मॅट वार्निश पांढरं पडतं, मग सगळा रणगाडा बुरशी आल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा नाहीतर त्या चार महिन्यांत नुसती जोडणी करा. हार्डवेअरच्या दुकानात गाड्यांचा राखाडी प्रायमर मिळतो तो रेझिनवर आणि मेटलवर मस्त बसतो, प्लॅस्टिक किट असेल तर लांबून आणि पातळ मारायचा, जाड मारला तर प्लॅस्टिक खातो.

आता रंग, आणि इथे या लढाईची खरी अडचण येते. दोन्ही सैन्यं हिरवी. जर्मनांचं बरं असतं, पिवळा, तपकिरी, हिरवा, ठिपके, पट्टे, समोर रशियन हिरवा, लांबून कळतं कोण कोणाचं. इथे हिरव्यासमोर हिरवा आणि खेळताना समोरचा तुमचाच रणगाडा उचलून घेऊन जातो. मी असं केलंय की आपल्या रणगाड्यांचा हिरवा थंड ठेवलाय, ब्रिटिश परंपरेतला काळपट, किंचित निळसर, आणि पॅटनचा अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब, जो मुळातच तपकिरीकडे झुकतो, तो अजून थोडा पिवळसर केलाय. दोन शेजारी ठेवले की फरक स्वच्छ दिसतो आणि इतिहासाची पण मोडतोड नाही.

पण बाटलीतला रंग जसाच्या तसा लावू नका. खरा रणगाडा उन्हात पन्नास टनाचा उभा असतो, त्याच्यावर पडलेल्या उजेडाने त्याचा रंग उजळ दिसतो, आणि तोच रंग बोटाएवढ्या वस्तूवर लावला की ती काळी दिसते. म्हणून मॉडेलसाठी रंग फिका करायचा. आणि फिका करताना पांढरा घालायचा नाही! पांढऱ्याने हिरवा पुदिन्याच्या चटणीकडे जातो. पिवळसर बफ किंवा खाकी घाला. मग सगळीकडे हा बेस, त्यावर पातळ तपकिरी वॉश, वॉश फटींमध्ये उतरून सावली तयार करतो, तो पूर्ण वाळू द्यायचा, आणि मग ड्रायब्रश, म्हणजे ब्रशला रंग लावून टिश्यूवर जवळपास सगळा पुसून टाकायचा आणि उरलेल्या कोरड्या ब्रशने कडांवरून हलके हात फिरवायचे. हॅचच्या कडा, मडगार्ड, टूलबॉक्स सगळं उठून येतं. शोकेसवाले ड्रायब्रशला नाकं मुरडतात, त्यांचं बरोबरच आहे, जवळून ते खडूसारखं दिसतं. पण आमचा रणगाडा उभ्या माणसाच्या डोळ्यातून, टेबलाच्या पलीकडून बघितला जातो. तिथून नाजूक काम नुसतं हिरव्या साबणाच्या वडीसारखं दिसतं. सावली गडद ठेवा, कड भडक ठेवा.

सेंच्युरियन रंगवायला सगळ्यात सुखाचा. बाजूला बझूका प्लेट असतात ना, त्या पत्र्यांच्या मागे चाकं लपलेली, त्यामुळे खाली थोडी माती फासली की काम झालं. पॅटन म्हणजे उलट, सगळी चाकं उघडी, प्रत्येक चाकाची रबरी कड वेगळी काळी करायची, आणि काळी म्हणजे काळी नाही, गडद राखाडी. एएमएक्स-13 छोटासा, पंधरा टनांचा, त्याची वरची अर्धी टरेट तोफेसकट वरखाली होते तो सांधा नीट सावलीत घालायला विसरू नका, त्या रणगाड्याची ओळखच ती आहे.

खुणा फार नाहीत, आणि त्याबद्दल देवाचे आभार. ब्रिटिशांकडून आलेल्या पद्धतीप्रमाणे ए स्क्वाड्रनला त्रिकोण, बी ला चौकोन, सी ला वर्तुळ, हेडक्वार्टरला उभा शंकरपाळ्याचा आकार. बारीक ब्रशने हाताने काढा, डेकल, म्हणजे चिकटवायच्या तयार खुणा, शोधायला जाऊ नका. नंबर प्लेटवर 1/100 मध्ये अक्षरं वाचता येत नाहीत, पांढऱ्या रेघेचे तीन-चार तुकडे काढले की डोळा बाकीचं समजून घेतो.

अहिल्यानगरचं, म्हणजे आपल्या नगरचं, रणगाडा संग्रहालय ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी आधी तिथे जा मग ब्रश उचला. 1994 पासून आहे. पकडलेला पॅटन आहे, सेंच्युरियन आहे, ब्रिटिशांचे चर्चिल, व्हॅलेंटाइन आहेत, रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे. बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढले आणि गेले तो 'फामागुस्ता' पण नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये आहे. पण तिथला रंग बघून येऊ नका! मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या रणगाड्यांना वर्षानुवर्षं रंगाचे हात बसलेले असतात, कडा बुजलेल्या, चाकं चकचकीत. बघायचं असेल तर आकार बघा. पॅटनच्या समोर उभं राहून वर बघा. तो फोटोत कधी एवढा उंच वाटत नाही. पुढचा भाग होडीच्या तळासारखा गोल, वर गोल टरेट, आणि त्याच्यावर अजून कमांडरचं ते बुटकं क्युपोला, म्हणजे छोटा घुमट, सगळं मिळून तीन मीटरच्या वर जातं. ती उंची लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

चिखलाबद्दल एक. आपल्याकडचे लोक चिखल करतात तो काळा करतात कारण आपण काळ्या मातीत वाढलो. पंजाबची माती नदीने आणून टाकलेली गाळाची, वाळली की भुरकट, फिकट, जवळपास गव्हाच्या पिठाच्या रंगाची आणि ओली झाली की मध्यम तपकिरी. माझ्या गावाकडच्या शेतातली माती चाळून पिगमेंट म्हणून वापरायचा मोह झाला होता पण ती सांगलीची माती खेमकरणला चालणार नाही. वॉटरकलरच्या खडूची पूड करा, पिवळा ऑकर, थोडा राखाडी, थोडा तपकिरी. वाळलेल्या मातीचा फिका थर वरपर्यंत आणि ओला गडद फक्त चाकांच्या खालच्या अर्ध्यात, तो थोडा ग्लॉस.

कारण ही लढाई पाण्यातली आहे. आपल्या लोकांनी कालवे फोडून पुढची शेतं भिजवून ठेवली होती. आणि शेतात उभा होता ऊस.

आता माझ्या आवडत्या विषयावर येतो. मी वाळवा तालुक्याकडचा, आमच्याकडे उसाबद्दल लहान पोरालाही मत असतं, त्यामुळे परदेशी लोकांनी या लढाईची टेबलं करताना जो ऊस केलेला बघितलाय त्याने माझा जीव कासावीस झाला. कोणी गवताची चटई टाकलीय, कोणी मक्यासारखं काहीतरी उभं केलंय, एकाने तर वर पांढरे तुरे लावलेत. अरे बाबा, सप्टेंबरात तुरा कुठला! ऊस तेव्हा हिरवागार, खाली पाचट पिवळं पडायला लागलेलं, आणि उंची पुरुष दीड पुरुष, म्हणजे आठ ते दहा फूट. 1/100 मध्ये अडीच ते तीन सेंटिमीटर.

तर कृती. काथ्याचं पायपुसणं आणा, ते जाड, रबराच्या पाठीवालं. आमच्याकडचं दाराबाहेरचं नवंकोरं गायब झाल्यावर आईने दोन दिवस चौकशी केली आणि मग टेबलावर बघून "एवढ्या उसाला पाणी कोण देणार" एवढंच म्हणाली. धारदार कटरने पाठीच्या बाजूने पट्ट्या कापायच्या, दोन बोटं रुंद. मग प्रत्येक पट्टीच्या मधून लांबीला एक ओळ भादरून काढायची, ती सरी. ऊस सरीत असतो, सरसकट गवतासारखा नसतो, ही एक गोष्ट केली की टेबलाकडे बघणारा आपल्याकडचा कुठलाही माणूस लगेच म्हणतो ऊस आहे. वरचे शेंडे कात्रीने वेडेवाकडे कापा, सपाट ठेवले तर पायपुसणंच दिसतं. मग हिरवा स्प्रे फक्त वरून, तिरका, म्हणजे खालचा तिसरा हिस्सा काथ्याचा मूळ रंग राहतो, तेच आपलं पाचट. वर एक हलका पोपटी हात. सुटलेल्या पात्यांसाठी हिरव्या कागदाच्या बारीक पट्ट्या कडेच्या ओळीत चिकटवून वाकवल्या तर फारच छान, पण फक्त कडेला करा, मधे कोणी बघत नाही.

शेत पट्ट्यापट्ट्यांचंच ठेवायचं, एकत्र चिकटवायचं नाही. रणगाडा आत शिरला की तेवढी पट्टी उचलायची आणि त्या जागी चिरडलेल्या उसाची पट्टी ठेवायची, म्हणजे तीच पण काथ्या आडवा दाबून फेविकॉलमध्ये बसवलेला. दोनतीन पाळ्यांनंतर शेतातून गेलेल्या वाटा दिसायला लागतात आणि कोण कुठून घुसलं ते लपत नाही. भिजलेल्या शेतांना एमडीएफच्या पातळ तुकड्यावर तपकिरी रंग आणि त्यावर ग्लॉस वार्निशचे थर, वाळू देऊन परत थर. निळा रंग अजिबात नको. शेतात साचलेलं पाणी मातीच्या रंगाचं असतं आणि त्यात आभाळ चमकतं, ते काम वार्निश करतं.

आणि आता ती पॅटनची उंची. ऊस टेबलावर ठेवला, एएमएक्स-13 आत सरकवला. गायब. तो 2.3 मीटरच उंच. शर्मन जवळपास गायब. सेंच्युरियन जेमतेम. पॅटन आत घातला आणि उसाच्या वर क्युपोला टुकूटुकू चालत जाताना दिसतं. वर कमांडरला समोरचं काही दिसावं म्हणून हॅच उघडून उभं राहायला लागतं, म्हणजे अजून वर. ही गोष्ट मी कितीतरी वेळा वाचलेली होती की उसामुळे पॅटनची लांब पल्ल्याची तोफ आणि ते अंतर मोजायचं गुंतागुंतीचं रेंजफाइंडर वाया गेलं. पण वाचणं वेगळं आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघणं वेगळं. खाली वाकून पॅटनच्या मागून बघितलं तर समोर नुसता हिरवा पडदा, तीस मीटर, म्हणजे तीस सेंटिमीटरवर सेंच्युरियन बाजूने तोफ लावून बसलाय आणि काही दिसत नाही.

इथे एक तांत्रिक भानगड सांगितली पाहिजे. सहा फुटांचं टेबल 1/100 ने मोजलं तर 183 मीटर होतं. रणगाड्याची तोफ हजार मीटर मारते, तो हजार मीटर म्हणजे टेबलाच्या हिशोबाने दहा मीटर, म्हणजे खोलीच्या बाहेर, जिन्यात. म्हणून बहुतेक 15 मिमीच्या खेळांमध्ये अंतर आखडून घेतात, मॉडेलचं माप एक आणि जमिनीचं माप दुसरं. साधारण लढाईत हे डोळ्याला खुपतं, दोन रणगाडे एकमेकांना जवळजवळ टेकून "लांबून" गोळ्या घालत असतात. असल उत्तरला ते खुपत नाही, कारण तिथे खरंच जवळून मारामारी झाली. आमचा घरगुती नियम असा की उसात किंवा उसापलीकडे सहा इंचांच्या आत आल्याशिवाय दिसत नाही, आणि जो थांबलेला आहे त्याने गोळी झाडेपर्यंत तर नाहीच. भिजलेल्या शेतात हलायचं तर फासा टाका, एक आला की रुतलात.

खेळून खेळून माझं एक मत झालंय. लोक म्हणतात पाण्यामुळे पॅटन रुतले कारण पॅटन जड. सेंच्युरियन काय हलका होता का, तो पन्नास टनांच्या वर, पॅटनपेक्षा जड! शर्मनलाही चिखल काही सोडत नाही. आमच्या टेबलावर भारताच्या बाजूने कोणी शहाणपणा करून पुढे निघाला तर तोही तसाच रुतून बसतो, अगदी तितकाच. फरक एवढाच की भारताला हलायची गरजच नाही. नालेच्या आकारात बसायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि समोरच्याला घड्याळाची घाई असते कारण त्याला पुढे ब्यास नदीच्या पुलाकडे जायचंय. पॅटनचं चिलखत समोरून सगळ्यात जाड, पण रुतलेला रणगाडा वळायला लागला की बाजू देतो. आमच्याकडे पॅटन सगळ्यात जास्त मरतात ते वळताना. भारताच्या आकड्यांप्रमाणे त्या लढाईत पाकिस्तानचे 97 रणगाडे गेले आणि त्यातले काही तर चालू स्थितीत सोडून दिलेले सापडले. हे मला आधी फुगवलेलं वाटायचं. टेबलावर तीन बाजूंनी घेरलेल्या आणि चिखलात अडकलेल्या पॅटनचं काय होतं ते बघितल्यावर शंका गेली, सोडून पळण्यात शहाणपण असतं.

आणि अब्दुल हमीदची जीप. 4 ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार, जीपवर 106 मिमीची रिकॉइललेस गन (मागे धक्का न देणारी रणगाडाविरोधी तोफ), 10 सप्टेंबरला गेले, परमवीरचक्र. ही जीप टेबलावर हवीच. मॉडेल करताना मजा अशी की ती गन 3.4 मीटर लांब आणि जीप पण साधारण तेवढीच, म्हणजे जीपवर जीपएवढी तोफ. विंडस्क्रीन मधोमध फोडलेली असते नळी पुढे यावी म्हणून, ती रेझिनमध्ये फार नाजूक येते म्हणून मी ती काढून बारीक तारेची केली. नळी पितळेची. मागे एक माणूस गोळा घेऊन उभा, बस.

नियमात मात्र या जीपला काही जादू दिलेली नाही. ग्रुपमध्ये यावरून वाद झाला, एकाचं म्हणणं हमीदना तीन वेळा फासा परत टाकायला मिळायला पाहिजे. मी नाही म्हटलं. रिकॉइललेस गन झाडली की मागून एवढी धूळ आणि ज्वाळा निघते की सगळ्या शेताला कळतं तू कुठे आहेस, चिलखत शून्य, म्हणून झाडायचं आणि लगेच जागा बदलायची. साध्या नियमांनीच खेळा, जीप उसातून बाहेर काढा, पॅटनच्या बाजूला जा, झाडा, आणि मग पुढच्या पाळीला काय होतंय त्याची वाट बघत फासे हातात धरून बसा. दुसऱ्या वेळी परत पुढे जायची छाती होते का ते बघा, जीप प्लॅस्टिकची असून होत नाही.

सध्या टेबलावर पॅटनचा एक ट्रूप अर्धा रंगवून पडलाय, चाकांची काळी कड राहिलीय, ती मी टाळतोय. ती झाली की बसंतर घ्यायचं डोक्यात आहे, तिथे ऊस नाही, भूसुरुंग आहेत आणि ते टेबलावर दाखवायचे कसे यावर कोणाकडे चांगली आयडिया असेल तर खाली लिहा. आणि पुढच्या रविवारी गेम आहे, पॅटनच्या बाजूने खेळायला दोन माणसं कमी आहेत. दर वेळी कमीच असतात. येणार असाल तर फासे स्वतःचे आणा आणि प्लीज तोफेला धरून उचलू नका.